शेगडीमहाराज आणि हवाबंद घर

दुपार कलली की त्या नव्या घराच्या अंगणात चपला-बुटांचा ढीग वाढायला लागे. आधी गुडघेदुखीवाले येत, मग धंदा बुडालेले, मग लग्न न जमणारे, आणि सगळ्यांत शेवटी नुसतेच बघे. बोलताना तोंडातून वाफ निघावी अशी थंडी. पण रांग सोडून कोणी जात नसे. आत जागा मिळाली तो भाग्यवान. नाही मिळाली तो मोठ्या खिडकीच्या काचेला नाक लावून उभा.

आत, दिवाणखान्याच्या मधोमध, पितळी शेगडी. तिच्यात कोळशाचे लालबुंद निखारे, आणि निखाऱ्यांवर चेल्याने टाकलेली कसलीशी वासाची भुकटी. पलीकडे भिंतीला लागून उंच आसन, आसनामागे जाड जांभळा पडदा, आणि आसनावर शेगडीमहाराज. हे नाव लोकांनी ठेवलेलं. महाराजांनी ते नाकारलं नाही. लोकांनी दिलेलं काही नाकारायची त्यांना सवयच नव्हती.

तासाभरात चमत्कार सुरू होई. एखाद्या बाईचं डोकं गच्च धरे. एखादा धट्टाकट्टा ट्रकवाला घामाघूम होऊन मान टाके. कोणाला मळमळे, कोणी रडू लागे, कोणी भलतंसलतं बरळे.

"पाप जड असतं," महाराज संथ आवाजात म्हणत. "हलका माणूस ताठ बसतो, जड माणूस वाकतो. मी काही करत नाही, बाबांनो. तुमचंच ओझं तुम्हाला वाकवतंय."

वाकलेल्या माणसाला बाहेर अंगणात आणून बसवलं की थोड्या वेळाने त्याचं डोकं उतरे, मळमळ थांबे, चेहऱ्यावर रंग येई. "उतरलं हो ओझं," म्हणत तो दाराकडे हात जोडे. यापरता पुरावा कसला हवा? खुळ्याला पुरावा लागत नाही, आणि ज्याला लागतो त्याला इथे तो बसल्याजागी मिळत होता.

अशाच एका संध्याकाळी धाकटी त्या अंगणात येऊन उभी राहिली.

घर तिच्या मोठ्या भावाचं, दादाचं. आणि नुसतं भावाचं नव्हे, थोडंसं तिचंही. ती इंजिनिअर होती आणि नवी घरं ऊब धरतात की नाही, हवाबंद झाली आहेत की नाही, हे तपासणं हाच तिचा धंदा. दादाने घर बांधायला काढलं तेव्हा ती त्याच्या मागेच लागली होती. "आपण काय करतो, दादा? थर्मासचं झाकण उघडं ठेवतो आणि चहा गार झाला म्हणून रडतो. घर बांधतोयस तर एकदाच नीट बांध." दादाने ऐकलं. हातभर जाडीच्या भिंती, भिंतींच्या पोटात ऊब धरून ठेवणारा भराव, आतल्या बाजूने हवा अडवणारा कापडासारखा जाड थर, त्याचा प्रत्येक सांधा चिकटपट्टीने बंद केलेला, आणि तीन-तीन काचांच्या खिडक्या. हिवाळ्यात जळणाचा खर्च नावापुरता.

घर एवढं घट्ट, म्हणून माळ्यावर एक यंत्र होतं. ते शिळी हवा बाहेर टाकी आणि ताजी आत घेई. जाता जाता शिळ्या हवेची ऊब काढून ताजीला देई. "हे या घराचं नाक आहे," धाकटीने सगळ्यांना बजावलं होतं. "रात्रंदिवस चालू राहिलं पाहिजे." गिलाव्याआधीची तपासणी तिने स्वतः केली. घर असं बंद झालं होतं, की तिच्या कामावरच्या माणसांनी गळतीचा आकडा पुन्हा मोजायला लावला. मग ती दूरच्या एका मोठ्या कामावर गेली. रंगरंगोटी झाल्यावरची शेवटची तपासणी तेवढी राहिली होती.

आता आली, तर घरात ही जत्रा.

गर्दीतून वाट काढत ती आत शिरली. तासभर कोंडलेल्या त्या खोलीत तिच्या कपाळावर कोणीतरी बोट दाबल्यासारखं झालं. तिने आधी छताकडे पाहिलं. हवेची झडप गप्प होती. त्यावर चिटोरा धरला असता तर हललाही नसता.

मग तिला वहिनी दिसली. शेगडीच्या सगळ्यांत जवळ, पाटावर, पोटावर दोन्ही हात ठेवून बसलेली. सातवा महिना. याआधी दोनदा हातातोंडाशी आलेलं हिरावलं गेलं होतं, आणि तेव्हापासून त्या घरात कोणी मोठ्याने हसलं नव्हतं.

"हिच्या उंबऱ्यात दोन जीव अडून बसलेत," महाराज सांगत होते. "ते उठल्याशिवाय तिसऱ्याला वाट नाही. ही वाकली म्हणजे ते हलले समजा."

वहिनी वाकली. वाकली कसली, पोतं कलंडावं तशी एका अंगावर कलंडली. खोलीभर समाधानाचा सुस्कारा उमटला. एक पोट वाढलेली बाई बेशुद्ध पडते आणि पन्नास माणसं खूश होतात, हे धाकटीने डोळ्यांनी पाहिलं.

तिने वहिनीला काखेत धरलं, दार लाथेने ढकललं आणि तिला अंगणात आणून खुर्चीवर बसवलं. थंड वारा लागल्यावर हळूहळू वहिनीने डोळे उघडले.

"कधी आलीस?"

"आत्ताच. डोकं ठणकतंय?"

"आता उतरतंय. महाराज म्हणाले होते, उतरेल म्हणून."

धाकटीने ओठ चावला. आजारही त्याचाच, औषधही त्याचंच, आणि गंमत अशी की औषध होतं अंगणातला फुकटचा वारा.

ती पुन्हा दारात गेली. "खिडक्या उघडा सगळ्यांनी. घर बंद, यंत्र बंद आणि आत कोळसा जळतोय. कोळशाचा वायू साचलाय इथे. त्याला वास नसतो, तो दिसत नाही. तुम्ही वाकत नाही आहात, गुदमरताय."

कोणी हललं नाही. आईने तिच्याकडे अशी नजर टाकली, की लहानपणी त्या नजरेने तिला कोपऱ्यात उभं केलं असतं.

महाराज हसले. अंगावरची लोकरीची शाल त्यांनी कानापर्यंत ओढून घेतली. "पोरी, तू शिकलेली दिसतेस."

"हो."

"मग सांग. या खोलीत शेगडीपाशी रोज सगळ्यांत जास्त वेळ कोण बसतं?"

"तुम्ही."

"हवेत विष असेल तर आधी कोण पडायला हवं?"

पहिल्या रांगेत निवृत्त विज्ञान-मास्तर बसले होते. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं. त्यांनी मान डोलावली. "मुद्दा बिनतोड आहे. मी स्वतः निरीक्षण केलंय. आम्ही वाकतो, महाराज हलत नाहीत. उलट त्यांना हुडहुडी भरते. निखाऱ्याशेजारी बसून हुडहुडी. विज्ञान अजून इथवर पोचलेलं नाही."

"विज्ञान नाही पोचलं, मास्तर, तर तुम्ही तरी का पोचलात इतक्या लवकर?" धाकटी म्हणाली. पण ते उत्तर नव्हतं, नुसता चिमटा होता, आणि हे तिला कळत होतं.

बैठक उठल्यावर स्वयंपाकघरात तिने दादाला गाठलं.

"हा तुझ्या घरात घुसला कसा?"

"आईने बोलावलं. नवं घर, आशीर्वाद द्यायला." दादा कपाटाच्या कडेवरून बोट फिरवत होता. "बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे. तिथे एवढं काही होत नसे. इथे आले आणि पहिल्याच दिवशी निम्मी माणसं वाकली. वास्तूच जागृत आहे म्हणाले."

"वास्तू मी घट्ट केली, दादा. पत्र्याच्या शेडला शंभर फटी असतात. यंत्र कोणी बंद केलं?"

"राख उडते म्हणाले."

आई दारातच होती. "पहिल्या दिवशी तर बिचारे स्वतःसुद्धा वाकले होते. सगळ्यांचं एकदम अंगावर घेतलं ना. चेल्याने धरून नेलं. मग आसनाची प्रतिष्ठा करायची म्हणून एक दिवस घर मागून घेतलं, आम्हाला बाहेर पाठवलं. तेव्हापासून त्यांना काही होत नाही. त्याला म्हणतात सिद्धी."

आयत्या बिळावर नागोबा, धाकटीच्या मनात आलं. पण त्याचबरोबर आणखी काहीतरी खटकलं. पहिल्या दिवशी पडला. दुसऱ्या दिवशी घर रिकामं करून घेतलं. तिसऱ्या दिवसापासून पडत नाही.

"वहिनीला डॉक्टरकडे नेऊ. उद्या सकाळी."

"नाही." दादाचा आवाज चढला नाही, पण घट्ट झाला. "उद्या संध्याकाळी तिची पूर्ण बैठक आहे. दारं बंद, शेगड्या तीन, मधे कोणी उठायचं नाही. ती होईपर्यंत डॉक्टरची सावलीसुद्धा नको, असं महाराजांनी सांगितलंय. डॉक्टरांचं दोनदा ऐकलं आम्ही. दोनदा रिकाम्या हाताने आलो."

"दादा, तीन शेगड्या. ती उठणार नाही त्यातून."

"तूच घर हवाबंद करून दिलंस, आता तूच खिडक्या उघडा म्हणतेस. आम्ही ऐकायचं कोणाचं?"

भाऊ मूर्ख नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे बुडत्याला पोहण्याचे धडे देणं. धाकटी म्हणाली, "बरं. एक कर. उद्या दुपारी मला घराची शेवटची तपासणी करू दे. ती राहिलीच आहे. तेवढा वेळ वहिनी बाहेर बसेल. झाली की मी बाजूला."

"बैठकीत मोडता घालणार नाहीस?"

"मी फक्त घर मोजणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सामान उतरवलं. पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवलं. कापडाच्या भोकात मोठा पंखा, तोंड बाहेर. घराच्या सगळ्या खिडक्या बंद. यंत्राच्या झडपा चिकटपट्टीने बंद. पंखा घरातली हवा बाहेर ओढणार, आणि मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसणार. पंख्याला किती जोर लावावा लागतो यावरून घर किती गळतं ते कळतं. नळ गळतो की नाही ते बादली ठेवून बघावं, तसलंच सरळ काम.

वहिनी अंगणात शाल घेऊन बसली. दाराला पंखा बसलेला पाहून आलेले लोक कुरकुरत खिडकीच्या काचेशी जमले. मास्तर सगळ्यांच्या पुढे. महाराज अजून यायचे होते. चेला मात्र येऊन थांबला होता, आणि पंख्याकडे पाहून तो एका पायावरचा दुसऱ्या पायावर होत होता.

"आसनाला हात लावायचा नाही," तो काचेतून ओरडला.

"मला आसनात रस नाही," धाकटी आतून म्हणाली आणि तिने पंखा सुरू केला.

आकडा आला. तिने तो पाहिला, पंखा थांबवला, सगळी बारीकसारीक दारं पुन्हा तपासली आणि पंखा पुन्हा सुरू केला. आकडा तोच. गिलाव्याआधी घर जेवढं गळत होतं, त्याच्या जवळजवळ दीडपट.

"का गं, काय झालं?" दादा आतच उभा होता.

"घर गळतंय. रंग दिल्यावर घर आणखी बंद होतं, सैल होत नाही. कोणीतरी कुठेतरी फोडलंय."

तिच्या हातात धूर सोडणारी एक काडी होती. उदबत्तीएवढी, पण थंड धुराची. ती घेऊन ती खिडक्यांच्या कडांवरून फिरली. धूर सरळ वर. विजेच्या बटणांपाशी, खालच्या पट्ट्यांपाशी, छताच्या कोपऱ्यांत. धूर सरळ वर. मग ती दिवाणखान्याच्या मध्याकडे वळली आणि थबकली.

आसनामागचा जांभळा पडदा फुगला होता. नुसता हलत नव्हता. आतून कोणी पोट पुढे काढून उभं असावं तसा गच्च फुगून खोलीत आला होता.

खिडकीबाहेर एकच गलका झाला.

"पडदा बघा, पडदा."

"महाराज आले. देह तिकडे, पण आले."

काचेमागे हात जोडले गेले. एक बाई चिखलात खाली बसली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "निरीक्षण करा," ते भारावून म्हणत होते, "खोलीत वारा नाही. तरी पडदा उठला."

धाकटीने ते सगळे चेहरे पाहिले. किळस यावी असे नव्हते ते. साधे, थकलेले, कोणाच्या तरी काळजीने सुकलेले. किळस आली ती या गोष्टीची, की यांना फसवायला इतकं थोडं पुरत होतं.

तिने दाराकडे जाऊन पंख्याचं बटण बंद केलं. पडदा भिंतीला चिकटला. बटण दाबलं. पडदा उठला. बंद. खाली. चालू. वर.

"मास्तर," ती काचेजवळ येऊन म्हणाली, "मी बटण दाबलं की महाराज येतात, सोडलं की जातात. माझ्या हातातलं खेळणं झालेत ते. आता निरीक्षण करा, पडद्यामागे काय आहे."

चेला ओरडायला लागला. दादाने त्याच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. आणि पुढे होऊन पडदा स्वतःच ओढून काढला.

भिंतीत भोक होतं. पाण्याचा पेला आत जाईल एवढं, गोल, नीट यंत्राने पाडलेलं. आसनावर बसलेल्या माणसाच्या बरोबर चेहऱ्याच्या उंचीला. त्यात प्लास्टिकची नळी. नळीच्या बाहेरच्या टोकाला, भिंतीच्या मागच्या अंगाला, जुन्या डब्याच्या झाकणाखाली लपवलेला मुठीएवढा पंखा, आणि पंख्यापासून निघालेली वायर वेलीतून थेट चेल्याच्या गाडीपर्यंत.

दादाने भोकात हात घालून पाहिला. ज्या भिंतीसाठी त्याने दोन वर्षं रजा घेतली नव्हती, तिच्या पोटातला भराव त्या भोकाच्या कडेने आतड्यासारखा लोंबत होता.

"म्हणून हुडहुडी," धाकटी म्हणाली. "निखाऱ्याशेजारी बसून शाल. बाहेरचा बर्फासारखा वारा सरळ तोंडावर. तुम्ही साचलेला वायू हुंगायचे, हा ताजी हवा प्यायचा. पडद्याआडून."

नेमके तेव्हाच महाराज गाडीतून उतरले. गर्दीने वाट करून दिली, पण रोजच्यासारखं कोणी वाकलं नाही. काय घडलंय हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. असल्या माणसांचं बाकी काही असो नसो, नजर तेज असते.

"वास्तूलाही श्वास लागतो, लेकरांनो," ते म्हणाले. "मी तिला नाकपुडी दिली."

"तिला नाक होतं," धाकटी म्हणाली. "माळ्यावर. ते तुम्ही बंद करवलंत, राख उडते म्हणून. आणि मग फक्त स्वतःच्या तोंडाशी एक भोक पाडलंत."

"मुली, शंकेने..."

"थांबा. मी बोलत नाही, करून दाखवते."

तिने भोक बोळ्याने आणि चिकटपट्टीने बंद केलं. पंखा पुन्हा लावला. आकडा पूर्वीइतका खाली आला. तिने तो काचेला लावून सगळ्यांना दाखवला. मग दाराचं कापड काढलं, महाराजांची एक शेगडी अंगणात पेटवून निखारे नीट लाल झाल्यावर आत नेऊन ठेवली. शेजारी खिशात मावेल असला एक मोजणारा डबा ठेवला. "घरात चूल-शेगडी असली की आम्ही हा नेहमी बरोबर नेतो. कोळशाचा वायू वाढला की हा बोंब मारतो." दार लावून ती बाहेर आली आणि सगळ्यांबरोबर काचेशी उभी राहिली.

खोलीत कोणी नव्हतं. फक्त शेगडी, रिकामं आसन आणि तो डबा. त्यावरचे आकडे चढत गेले. लोक पायांवर पाय चोळत, तोंडातून वाफ सोडत बघत राहिले. मग डबा किंचाळायला लागला. काचेआडूनही तो आवाज कानात घुसत होता.

"आत कोणाचं पाप आहे, मास्तर?" धाकटीने विचारलं. "खोली रिकामी आहे."

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"महाराज," मागून आवाज आला. तो कालच मान टाकलेला ट्रकवाला होता. "तुम्ही हलके ना? मग जा आत. बसा आसनावर. आम्ही बघतो इथून."

"जा की," आणखी कोणी म्हणालं.

"माझी साधना तमाशासाठी नाही," महाराज म्हणाले आणि एक पाऊल मागे सरले.

"मी जाऊ देणार नाही त्यांना," धाकटी म्हणाली. "बंद खोलीत शेगडीशेजारी माणूस बसवणं हे त्यांचं काम आहे, माझं नाही. पण ते जाणारही नाहीत. कारण आत काय आहे हे या अंगणात सगळ्यांत आधी त्यांना कळलं होतं. पहिल्याच दिवशी, स्वतः पडले तेव्हा. तेव्हा त्यांनी काय करायला हवं होतं? खिडकी उघडायला हवी होती. त्यांनी भिंत फोडली, स्वतःपुरती."

महाराजांनी आजूबाजूला पाहिलं, नेहमीसारखं कोणीतरी पुढे होऊन बोलेल म्हणून. कोणी झालं नाही. आईही नाही. चेला केव्हाच गाडीत जाऊन बसला होता.

तेवढ्यात वहिनी खुर्चीतून उठली. हळूहळू चालत ती महाराजांच्या समोर आली.

"आज मला तीन शेगड्या लावणार होतात," ती म्हणाली. "मी पडले असते, तर तुम्ही काय सांगितलं असतं यांना?"

महाराज गाडीकडे बघू लागले. पण उत्तर तिथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिसराही जीव उंबऱ्यात अडला, असंच सांगितलं असतं. आणि सगळ्यांनी मान डोलावली असती. ट्रकवाल्याने, मास्तरांनी, आईने. दादानेसुद्धा.

दादा जमिनीवर थुंकला. तो तसा माणूस नव्हता. मग त्याने महाराजांच्या गाडीसमोर आपली गाडी आडवी लावली आणि पोलिसांना फोन केला.

धाकटी वहिनीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच वहिनीच्या तोंडावर प्राणवायूची नळी बसवली. नंतर बाहेर येऊन म्हणाल्या, "आईला डोकेदुखी होते तेवढ्या वायूत पोटातल्या बाळाचं जास्त नुकसान होतं. ते बाहेर येऊन वारा घेऊ शकत नाही. ठोके आहेत. चांगले आहेत. पुढचं मी आज सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर ते खोटं असेल. पण संध्याकाळची ती बैठक झाली असती, तर ठोके आहेत हे सांगायची वेळच आली नसती."

मागाहून आई आली. वहिनीच्या उशाशी बसली, तिच्या केसांवरून हात फिरवला. "देवाची कृपा गं बाई. वाचलीस."

वहिनीने नळी थोडी बाजूला केली. तिचा आवाज बारीक होता, पण एकही शब्द सांडला नाही.

"आई, रोज बैठकीनंतर मी सांगायचे, डोकं फुटतंय. अंगणात आले की थांबतं, हेही सांगायचे. तुम्ही दोन्ही ऐकलंत. यांनी ऐकलं. सगळ्या गावाला तेच होत होतं. घरात दुखतं, बाहेर थांबतं. एवढी बेरीज करायला कुणाची सिद्धी लागते?"

आईने मान खाली घातली. तिला राग आला नव्हता. ती खरोखरच ती बेरीज करत होती. फार उशिरा, आणि पहिल्यांदाच.

त्या महाराजावर पुढे खटला चालला. चालताना त्याच्या बाजूने घोषणा द्यायला कोर्टाबाहेर माणसं होती. भिंतीतलं ते भोक बुजवायला गवंडी आला, तेव्हा एकाने दादाकडे तिथली चिमूटभर माती मागितली, घरात ठेवायला. दादाने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि भोक कशासाठी पाडलं होतं ते पहिल्यापासून सांगितलं. माणूस सगळं ऐकून म्हणाला, "ते खरं हो. पण थोडी द्या की." असल्यांचं काय करायचं, हे अजून कोणाला सापडलेलं नाही. पण दादाने माती दिली नाही.

भ्रमात असलेल्या माणसाची दया यावी, त्याला पुन्हा पुन्हा समजवावं. पण जो स्वतःपुरतं भोक पाडून ठेवतो तो भ्रमात नसतो. त्याला सगळं ठाऊक असतं, आणि तरी तो गरोदर बाईला शेगडीजवळ बसवतो. त्याच्यापुढे हात जोडू नका. तुमच्या घरात कोणी आजारी पडलं, कोणी वाकलं, कोणाच्या अंगात आलं, तर आधी दारं-खिडक्या उघडा आणि विचारा: हे कुठे होतं, कुठे थांबतं, काय बदललं की बदलतं? एक गोष्ट बदलून बघा, मग दुसरी. डॉक्टरला बोलवा. शहाणं होण्यासाठी याहून जास्त काही लागत नाही, आणि असं करून बघायला जो कोणी मनाई करील, त्याला त्याच पावली घराबाहेर काढा.